कादंबरीत मेलेला भय्याजी

पुण्याच्या एका जाडजूड मासिकात छापून आलं आहे की भय्याजी मेला. खाली टीप आहे, टिपेखाली संदर्भ आहे, सगळं रीतसर. आणि हाच भय्याजी तितिरमारे रोज सकाळी माझ्या वाचनालयासमोरून सायकलीवर राइस मिलमध्ये जातो आणि जाताना "रामराम बाई" म्हणतो. आता कोणावर विश्वास ठेवायचा? मी चंद्रकांता, तुमसरच्या एका लहानशा वाचनालयाची ग्रंथपाल. छापलेल्यावर विश्वास ठेवणं हा माझा धंदाच आहे, त्यामुळे काही दिवस मीसुद्धा त्याच्या रामरामाला जरा बिचकूनच उत्तर देत होते.

भय्याजी मिलमध्ये हमाल आहे. पण नुसतं हमाल म्हटलेलं त्याला खपत नाही. तो थप्पी लावतो. थप्पी म्हणजे पोत्यावर पोतं रचत छतापर्यंत नेलेली रास. एक थर उभा, त्यावरचा आडवा, पोत्यांची शिवलेली तोंडं आतल्या बाजूला, आणि प्रत्येक थर किंचित आत झुकलेला. हंगामात धानाची आवक सुरू झाली की दुसरे मिलवालेसुद्धा त्याला मागून नेत. त्याने लावलेली थप्पी आजवर पडलेली नाही. हे तो स्वतः सांगतो आणि कोणी विचारलं नाही तरी सांगतो. लग्नाच्या पंगतीत सांगतो, दवाखान्याच्या रांगेत सांगतो. एकदा तर मोक्षधामात सरण रचणाऱ्यांना बाजूला सारून त्याने लाकडं स्वतः लावली, कारण त्यांचे थर त्याला पाहवेनात. माणूस बढाईखोर आहे, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन कुठेही थुंकतो, आणि वाचनालयातल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे मी बांधले की न सांगता सोडून पुन्हा बांधतो.

त्याचा लहानपणापासूनचा सोबती हिरालाल मोटघरे. दोघं एका बाकावर शिकले, एकाच मिलमध्ये हमालीला लागले. हिरालालची पाठ लवकर गेली, म्हणून मालकाने त्याला काट्यावर बसवलं, ट्रकांच्या वजनाच्या पावत्या फाडायला. दोन ट्रकांच्या मध्ये वेळ मोकळा असतो. त्या वेळात बाकीचे लोक खर्रा घोटतात, हिरालालने कादंबरी लिहिली. त्याआधी माझ्या वाचनालयातली तीन कपाटं त्याने वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत वाचून काढली होती, त्यात शेळीपालनाची पुस्तकंही आली.

कादंबरीचं नाव त्याने 'राइस मिल' ठेवलं होतं. प्रकाशकाने ते बदलून 'क्विंटलभर आभाळ' केलं.

"बाई, आभाळ क्विंटलात मोजत असतीन काय?" हिरालालने मला विचारलं.

मी म्हटलं, "प्रकाशक मोजत असतील."

पुस्तक मी काउंटरवर बसून वाचलं आणि मोठमोठ्याने हसले. उकडलेलं धान अंगणात वाळवणाऱ्या बाया मालकाच्या केसांच्या टोपाची जी चेष्टा करतात, ती वाचताना तर वर्तमानपत्र वाचणाऱ्या म्हाताऱ्यांनी माना वर करून माझ्याकडे पाहिलं. नायकाचं नाव भाऊजी. भय्याजीचा भाऊजी करून हिरालालला वाटलं की आता कोणी ओळखणार नाही. बाकी खर्रा तोच, बढाया त्याच, बायकोसुद्धा तीच. शेवटी मात्र हा भाऊजी आपणच लावलेली थप्पी अंगावर कोसळून मरतो. पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेवर लिहिलं होतं : 'भय्याजीला, ज्याच्या खांद्यावर ही कादंबरी उभी आहे.'

भय्याजीला पहिली प्रत मिळाली तेव्हा त्याने ती हळदकुंकू लावून देवघरात ठेवली. देवघरातलं पुस्तक कोणी वाचत नाही, तसं त्यानेही वाचलं नाही.

पहिली दोन वर्षं कादंबरीला कुत्रंही विचारत नव्हतं. भंडाऱ्याच्या एका साप्ताहिकाने 'मुखपृष्ठ आकर्षक' एवढा अभिप्राय दिला. मुखपृष्ठावर बैल होता आणि कादंबरीत बैल कुठेच नव्हता. मग पुण्याचे मोठे समीक्षक डॉ. रत्नपारखी व्याख्यानाला इकडे आले. परतताना तुमसर रोड स्टेशनवर त्यांची गाडी रखडली, मोबाइलची बॅटरी संपली, आणि आयोजकांनी भेट दिलेलं पुस्तक उघडण्यावाचून त्यांना गत्यंतर उरलं नाही. मराठी साहित्यावर रेल्वेचे असे बरेच उपकार असावेत.

त्यांनी 'ओझ्याचे सौंदर्यशास्त्र' नावाचा दीर्घ लेख लिहिला. मी जिथे जिथे हसले होते तिथे तिथे त्यांना हुंदका सापडला होता. टोपाच्या चेष्टेबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'हास्याच्या पातळ पापुद्र्याखाली साकळलेले रक्त'. मी हिरालालला विचारलं, "काय रे, रक्त होतं का तिथे?"

"असन बाई," तो म्हणाला. "एवढा मोठा माणूस खोटं कायले बोलन?"

मग काय विचारता! एका मेंढीने उडी मारली की बाकीच्या विचारत नाहीत. कादंबरी ग्रामीण की दलित की कामगार साहित्यातली, यावर चर्चासत्रं झाली. ज्याला त्याला ती आपल्या कपाटात हवी होती. पुरस्कार मिळाला, अभ्यासक्रमात लागली, आणि 'थप्पी या प्रतिमेचे सविस्तर विवेचन करा' असा प्रश्न पोरं घोकू लागली. एका वाहिनीची माणसं नागपूरहून आली. हिरालालच्या घरात फ्रिज पाहून ती इतकी हिरमुसली की मलाच त्यांची दया आली. त्यांनी भर थंडीत त्याला स्वेटर आणि चष्मा काढायला लावला आणि पाठीवर पोतं घ्यायला सांगितलं. त्याच्या पाठीचं काय होईल हे ओळखून भय्याजीने मागच्या मागे पोत्यात नुसता भुसा भरून दिला. टीव्हीवर खाली अक्षरं आली : 'आजही पेलतोय व्यवस्थेचं ओझं.'

आता मूळ घोटाळा. अर्पणपत्रिका वाचून डॉ. रत्नपारखींनी ठरवून टाकलं होतं की हा भय्याजी कादंबरीतल्यासारखाच मेलेला असणार. त्यांनी लेखात 'कै. भय्याजी' असं छापलं. त्यांचं वाचून दुसऱ्यांनी छापलं. नागपूरच्या एका संस्थेने तर शकुंतलाबाईला, म्हणजे भय्याजीच्या बायकोला, फोन करून 'श्रमिकाची वीरपत्नी' म्हणून सत्काराचं आमंत्रण दिलं. ती बिचारी वाचनालयात माझा सल्ला घ्यायला आली.

"बाई, साडी देतो म्हणतेत. पण मी कुकू लावून जाऊ का बिनकुकवाची?"

"अहो, नवरा जिवंत आहे ना तुमचा?"

"हाये ना. सकाळीच वांग्याच्या भाजीवरून वटवट करून गेला. पण थे लोकं शिकलेले दिसतेत, त्यायले नाही कसं म्हणाव?"

ही बातमी घरी पोचल्यावर भय्याजीने देवघरातलं पुस्तक काढलं आणि आपण मेलो कसे ते पाहायला वाचलं. दुसऱ्या दिवशी तो वाचनालयात आला. हिरालाल कोपऱ्यात बसला होता. भय्याजीने पुस्तक माझ्या टेबलावर आपटलं. पानांना अजून हळद होती.

"हिऱ्या, मी मेलो त्याचं काही नाही. माणूस मरतेच. पण थप्पी कशी पडली?"

हिरालाल उठून उभा राहिला. "भय्या, कादंबरीले शेवट लागते."

"तं साप सोड ना अंगावर! लकवा मार, ट्रकखाली टाक, मी काही म्हणणार नाही. थप्पी काहून पाडली? माही थप्पी पडली कधी? सांग ह्या बाईसमोर."

"नाही पडली."

"मंग?"

"लिवता लिवता तेच सुचलं गा," हिरालाल खाली मान घालून म्हणाला. "तू लावलेली थप्पी पडते, ह्याच्यापेक्षा मोठं दुख मले माहीतच नोतं."

यावरही भय्याजी विरघळला नाही. दुसऱ्या आवृत्तीत शेवट बदलायचं हिरालालने कबूल केलं आणि माझ्यासमोरच प्रकाशकाला फोन लावला. फोन कानापासून लांब धरावा लागला. थप्पी म्हणजे व्यवस्था, प्रकाशक ओरडत होता, तिच्यावर तीन प्रबंध चालू आहेत, आणि साप चावून मेलेल्या हमालाला कोण अभ्यासक्रमात ठेवतो?

तुम्ही म्हणाल, कादंबरीतली थप्पी, तिचं एवढं काय मनावर घ्यायचं? मलाही आधी तसंच वाटलं. पण मिलचा नवा मालक, कमलेश शेठ, पुस्तकं वाचत नसला तरी मोबाइल वाचतो. मोबाइलवर रत्नपारखींच्या लेखाचा उतारा फिरत फिरत त्याच्याकडे आला. तेव्हापासून तो येता-जाता विचारू लागला, "भय्याजी, आज पडन तं नाही ना?" सगळी मिल हसायची. त्या हंगामात शेजारच्या दोन्ही मिलांनी दुसरा माणूस बोलावला. कोणी भांडलं नाही, कोणी काही बोललं नाही, फक्त भय्याजीला निरोप आला नाही. हमालाला ना पदवी ना प्रमाणपत्र. त्याच्याकडे नावच काय ते असतं, आणि ते नाव त्याच्या मित्राने सुंदर मराठीत मातीत घातलं होतं. मला त्या दिवसांत हिरालालचा राग येई, आणि पुस्तक पुन्हा उघडलं की पुन्हा हसू येई.

अशात आमच्याकडच्या एका महाविद्यालयाने कादंबरीवर चर्चासत्र ठेवलं. अध्यक्ष डॉ. रत्नपारखी. भय्याजीने ठरवलं की तिथे जायचं आणि माइकवर एकच वाक्य बोलायचं : माझी थप्पी कधी पडली नाही. त्याने मला ते वाक्य अनेकदा म्हणून दाखवलं. शर्टाला इस्त्री केली. शकुंतलाबाईने नवी साडी नेसून कपाळावर नेहमीपेक्षा मोठं कुंकू लावलं, म्हणजे कोणाचा गैरसमज नको.

सभागृहात पहिले दोन निबंध जेवणाच्या वासात वाहून गेले. तिसरे वक्ते प्रा. वीरेंद्र निंबार्ते, नागपूरचे, तरुण, दाढी राखलेले. सगळे ज्याला चांगलं म्हणतात त्याला वाईट म्हटल्याशिवाय आपल्याकडे कोणी वळून पाहणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या निबंधाचं नाव 'खोट्या घामाची कादंबरी'.

"मी चौकशी केली आहे," ते म्हणाले. "कसलेल्या हमालाने रचलेली थप्पी अशी कोसळत नाही. ही कादंबरी वाचकाच्या डोळ्यांतून पाणी काढण्यासाठी एक अपघात बनवते. प्रस्तावनेत लेखक म्हणतो, 'जे पाहिलं ते लिहिलं.' काय पाहिलं? हे गृहस्थ काट्यावर पावत्या फाडत बसत. हे हमाल नाहीत, कारकून आहेत. ही श्रमिकांची फसवणूक आहे, आणि विद्यापीठाने हे पुस्तक मागे घ्यावं."

गंमत पाहा. वर्षभर भय्याजी जे ओरडत होता तेच हा माणूस बोलत होता, तेही शुद्ध भाषेत आणि माइकवर. मी वळून भय्याजीकडे पाहिलं. तो मान डोलवत होता.

अध्यक्षांनी लेखकाला उत्तर द्यायला बोलावलं. हिरालाल उभा राहिला. लिहिताना पानंच्या पानं भरणारा हा माणूस माइकसमोर शाळेतल्या पोरासारखा होतो. "कादंबरी हाये सायेब," तो पुटपुटला. "थोडं मनचं असते..."

"म्हणजे खोटं," निंबार्ते म्हणाले.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. रत्नपारखींनी आपला लेख फाइलमध्ये सरकवला. ज्यांनी हिरालालला डोक्यावर घेतलं होतं तेच आता घड्याळं पाहू लागले. हिरालालला आपले हात कुठे ठेवावेत हे कळत नव्हतं. तेवढ्यात भय्याजी उठला आणि तरातरा मंचावर चढला.

"मी भय्याजी."

"कोणते भय्याजी?" अध्यक्षांनी विचारलं.

"मेलेला."

हशा पिकला. भय्याजी हसला नाही. त्याने निंबार्त्यांकडे पाहिलं, मग हिरालालकडे पाहिलं, आणि हिरालालवरची नजर काही केल्या हलेना. मी मनात म्हटलं, आता बोल बाबा तुझं वाक्य आणि सुटका कर.

"ह्या सायबाले कोनीतरी चुकीचं सांगतलं," भय्याजी म्हणाला. "थप्पी पडली होती. माहीच होती. माह्याच हातची. हिऱ्या तिथंच उभा होता, त्यानंच मले पोत्याखालून ओढून काढलं. आन हा हमाल नोता म्हणता तुमी? त्याची पाठ कायनं गेली, इचारा त्याले. पावत्या फाडून पाठ जाते काय?"

रत्नपारखी उभे राहिले. पांडित्याला एक शंका छळत होती. "पण मग, क्षमा करा, आपण मृत कसे नाहीत?"

"तुमी दोन वर्सापासून श्रद्धांजली देऊन राहिले सायेब," भय्याजी म्हणाला. "एवढ्या मोठ्या लोकायचं मी काहून खोटं पाडू?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल आली, नारळ आला. रत्नपारखींनी 'ही साहित्याने जीवनाकडून घेतलेली पावती आहे' असं सांगून फाइल पुन्हा उघडली. निंबार्ते शरमले असतील असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्हाला प्राध्यापक माहीत नाहीत. जेवताना ते भय्याजीच्याच शेजारी बसले आणि 'मृत नायकाची साक्ष' अशा नव्या निबंधासाठी त्याचा फोन नंबर घेऊन गेले. मी मात्र जेवू शकले नाही. मला रडू येत होतं आणि संतापही येत होता, आणि नेमका कोणाचा ते ठरत नव्हतं. ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस आयुष्यभर सगळ्यांना पिडत आला होता, ती त्याने शंभर-दीडशे परक्या लोकांसमोर स्वतःच्या हाताने मोडून टाकली होती. हिरालाल हात धुवायला म्हणून गेला तो परत पंगतीत आलाच नाही.

बाहेर शकुंतलाबाई नवऱ्यावर उखडली. "जलमभर माहे कान खाल्ले, पडली नाही, पडली नाही. आन आज एवढ्या लोकात पडली म्हणून सांगतलं?"

"हिऱ्याचं तोंड पाह्यलं नाही काय तू?" भय्याजी म्हणाला आणि सायकल काढायला गेला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसकट मथळा आला : 'होय, थप्पी कोसळली होती!' कमलेश शेठने तो वाचला. आता त्याने चेष्टा केली नाही, आणि हे चेष्टेपेक्षा वाईट झालं. वय झालं, खाली बैस, असं म्हणून त्याने भय्याजीला दाभण आणि सुतळी देऊन पोत्यांची तोंडं शिवायला बसवलं. थप्पीवर नवीन माणूस लावला. नारळ शकुंतलाबाईने फोडून चटणीला घेतला. शाल भय्याजी मिलमध्ये बुडाखाली घेतो, जमीन थंड असते.

आठवड्याभराने हिरालाल माझ्याकडे आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. म्हणाला, "बाई, चला माह्यासंगं. एकट्यानं जायची हिंमत नाही." आम्ही मिलमध्ये गेलो. भय्याजी पोत्यांच्या गराड्यात मांडी घालून शिवत होता. त्याच्यामागे नव्या माणसाने लावलेली थप्पी उभी होती, आणि मला काही कळत नसूनही ती डावीकडे झुकलेली वाटली. भय्याजी तिच्याकडे पाठ करून बसला होता.

हिरालाल त्याच्यासमोर उकिडवा बसला. "भय्या, मी प्रकाशकाले साफ सांगून टाकलं. गेला तो खड्ड्यात, गेला अभ्यासक्रम. दुसऱ्या आवृत्तीत थप्पी पडत नाही. लिवून आणलं मी." त्याने खिशातून घडी केलेले कागद काढले.

भय्याजीने कागद हातात घेतले. सावकाश वाचले, ओठ हलवत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्यात भाऊजी म्हातारा होतो, आणि त्याने लावलेल्या थप्पीच्या सावलीत बसून बाया भाकरी खातात. वाचताना त्याचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, चला, मिटलं एकदाचं. त्याने पानं पुन्हा एकदा वाचली. मग नीट घडी घालून हिरालालच्या खिशात परत ठेवली.

"लय चांगलं लिवलं गा," तो म्हणाला. "पन आता नोको बदलवू."

"काहून? तुलेच तं पाह्यजे होतं ना?"

"होतं. पन आता मी माइकवर सांगून बसलो का पडली म्हणून. तू बदलवली तं मी खोटा ठरन. आन मी खोटा ठरलो का थे दाढीवाले सायेब पुन्हा तुह्या मागं लागतीन." त्याने दाभणात सुतळी ओवली. "राहू दे. पडली तं पडली."

हिरालाल तिथेच बसून रडू लागला. भय्याजीने त्याला थोडा वेळ रडू दिलं आणि मग शिवायचं पोतं त्याच्याकडे सरकवलं.

"धर ते तोंड," तो म्हणाला. "घट्ट धर."